ज्वारीमाय, तुझा कडबाही तोलला पाहिजे

मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव

प्रिय ज्वारीमाय,

तुला सुधारण्याचे काम या देशात कितीतरी वर्षे चालू आहे. संकरित वाण आले, सुधारित वाण आले, त्यांची पत्रके गावोगाव वाटली गेली. तरीही मुरुमच्या शिवारात पाऊस उघडून वापसा आला की रब्बीच्या पाभरीत पडते ती बहुतेक ठिकाणी मालदांडीच. शेतकरी जुने सोडायला तयार नसतो, म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते मला कधीच पटलेले नाही. याच शेतकऱ्याने खरिपात तुला सोडून सोयाबीन धरले, तेव्हा एका पिढीचाही वेळ घेतला नाही. मग रब्बीतच तो हट्ट का धरतो? याचे उत्तर तुझ्या पिकात आहे, म्हणून हे पत्र तुलाच लिहितो आहे. वाचावे मात्र सगळ्यांनी. तुझ्यावर संशोधन करणाऱ्यांनी तर जरूर वाचावे.

मालदांडीपासूनच सुरू करतो. १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर, शेतकऱ्यांच्या घरातल्या मालदांडीतून एक निवड पुढे आली, तिचे नाव मालदांडी ३५-१. कुठून परदेशातून वाण आणला नव्हता की कशाशी संकर केला नव्हता. उभ्या पिकातली चांगली कणसे घ्यायची, प्रत्येक कणसाची ओळ वेगळी पेरायची, ओळी एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि सरस ठरेल ती ठेवायची, एवढेच त्या कामाचे सूत्र. पण मोहोळच्या माणसांच्या हाती जे बियाणे आले, ते आधीच शेकडो वर्षे निवडलेले होते. खळ्यावर मळणीला बैल जुंपण्यापूर्वी भरदार, मोत्यासारख्या दाण्याची कणसे बाजूला काढून आढ्याला टांगणाऱ्या बायकांनी ते निवडले होते. भाकरी थापणारा हातच बियाणे निवडत होता. त्यामुळे पिठाला चिकटपणा किती, भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ राहते का, याची परीक्षा रोज चुलीपुढे होत होती आणि तिचा निकाल पुढच्या पेरणीत उतरत होता. असे दुहेरी निवडलेले वाण नव्वद वर्षांनंतरही शेतात उभे आहे, यात मला तरी नवल वाटत नाही.

संकरित वाणांची कथा वेगळ्या वाटेने आली. तुझ्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे तू बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतेस. संकर करायचा तर एकेका फुलातले नर भाग हाताने काढावे लागत. हे एखाद्या प्रयोगापुरते जमते, लाखो एकरांच्या बियाण्यासाठी जमत नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो आणि काफिर या तुझ्या दोन कुळांच्या संकरातून पराग न धरणारी झाडे मिळवली आणि अडचण सुटली. त्या वाटेने १९६४ साली भारतात तुझा पहिला संकरित वाण आला, सीएसएच-१. बुटका, शंभर-एक दिवसांत काढणीला येणारा, खताला लगेच प्रतिसाद देणारा. १९६९ साली अखिल भारतीय समन्वित ज्वारी सुधार प्रकल्प उभा राहिला आणि डॉ. एन. जी. पी. राव यांच्यासारख्या पैदासकारांनी त्या कामाला आकार दिला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या लोकांनी अमेरिकेहून आलेली लाल मिलो खाल्ली. ती कडवट भाकरी आठवून आजही म्हातारी माणसे तोंड वाकडे करतात. त्यानंतरच्या वर्षांत हायब्रीडने खरिपाची कोठारे भरली. ते ऋण मी विसरत नाही, आणि हायब्रीडला नावे ठेवणाऱ्या कुणी ते विसरू नये.

पण तिथेच एक घडी चुकली. तुझे जुने खरिपाचे गावरान वाण उंच असत, पाच-पाच महिने शेतात उभे राहत. दिवस किती लहान झाला हे ओळखून ते निसवत. पाऊस सरल्यावरच त्यांच्या कणसात दाणा भरे, म्हणून तो स्वच्छ पांढरा राही. लवकर येणारा वाण हवा म्हणून पैदासकारांनी दिवस ओळखण्याची तुझी ती शक्ती काढून टाकली. आता कणीस पिकू लागले ते ऐन भाद्रपदाच्या पावसात. ओल्या कणसावर बुरशी चढली, दाणा काळा पडला, त्याची भाकरी कडू झाली, आणि बाजारात ती ज्वारी जनावरांच्या खाद्याच्या नाहीतर दारूच्या भट्टीच्या भावाने जाऊ लागली. धाट बुटके, त्यामुळे कडबा थोडा. जो होता तोही जनावरे आवडीने खाईनात. क्विंटलचे आकडे वाढत असताना घरातल्या दोन्ही वापरांतून तू बाहेर पडत होतीस. पुढे सोयाबीन आले तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला काही उरलेच नव्हते. साठच्या दशकात देशभरात तुझ्याखाली सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन होती, ती आज चाळीस लाखांच्या आसपास आली आहे. सगळा दोष बुरशीचा नाही. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागले, ताटातली चव बदलली, पाणी आले तिथे ऊस आला. पण शेतकऱ्याला जे पीक पोसायचे होते आणि प्रयोगशेतावर जे मोजले जात होते, ती दोन वेगळी पिके होती, हे माझे पक्के मत आहे.

या चुकीतून शिकून परभणीच्या विद्यापीठाने बुरशीला तोंड देणारे खरीप वाण काढले. परभणी श्वेता हा त्यातला एक. हे काम उशिरा आले, पण योग्य दिशेने आले.

रब्बीची गोष्ट मला जास्त जवळची आहे, कारण बालाघाटाच्या या पठारावर तू खरी रब्बीतच शोभतेस. पेरणी होते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर पाऊस आला तर आला. काळ्या जमिनीने पावसाळ्यात जी ओल पोटात धरून ठेवली, तिच्यावर पूर्ण पीक निघते. पौषात जमीन भेगाळू लागते तेव्हा तू फुलोऱ्यातून दाण्यात जात असतेस, म्हणजे पाण्याची सर्वांत जास्त गरज आणि सर्वांत मोठी टंचाई एकाच वेळी येते. त्या वेळी तुझ्यात काय चालते हे कळले तेव्हा माझा तुझ्याविषयीचा आदर दुणावला. पाने सुरळी करून तू उन्हाची तिरीप चुकवतेस. पानांवरचा मेणाचा थर ओल बाहेर जाऊ देत नाही. वाढ थांबवून वाट पाहतेस आणि पाणी मिळताच पुन्हा चालू लागतेस. मक्याला हे जमत नाही.

पण तुझ्याही सहनशक्तीला सीमा आहे. पाने वाळली की कणसाला लागणारी साखर येणार कुठून? मग तू धाटात साठवलेली साखर उपसून दाण्याला देतेस. धाट आतून पोकळ होते, जमिनीतली बुरशी त्यात शिरते आणि एके सकाळी अख्खे शेत आडवे झालेले दिसते. आमच्याकडे याला खडखड्या म्हणतात. पडलेल्या धाटाचा कडबा भुसभुशीत, त्यात जीव नाही, जनावर तोंड लावत नाही.

या ठिकाणी पैदासशास्त्राने एक मोलाची गोष्ट हाती घेतली आहे. काही वाण दाणे भरेपर्यंत हिरवे राहतात. इथियोपियातल्या मूळ बियाण्यातून आलेली बी-३५ ही ओळ त्यासाठी जगभर वापरली जाते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधले की ही झाडे फुलोऱ्याआधी पाणी जपून वापरतात. फुटवे कमी, पाने आटोपशीर, म्हणून दाणे भरण्याच्या वेळेसाठी जमिनीत थोडी ओल शिल्लक राहते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने हा गुण आपल्या रब्बी ओळींमध्ये उतरवायचा प्रयत्न केला. त्यातून जी गोष्ट निघाली ती शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठी आहे. हिरवे राहणारे धाट दाण्याला तारते, आणि त्याचा कडबाही जनावराला अधिक पचतो. ताण सोसणे आणि अनेक कामांना उपयोगी पडणे या दोन वेगळ्या मागण्या नाहीत, हे यावरून दिसते. हे एकदा ध्यानात आले की दाण्याला एक प्रयोग आणि चाऱ्याला दुसरा, अशी कामाची वाटणी मला फार खटकते.

कडब्याविषयी मी मुद्दाम थोडे लांबवून बोलणार आहे. उमरग्यापासून अक्कलकोट-आळंदपर्यंत ज्याच्या दावणीला बैलजोडी किंवा दोन म्हशी आहेत, त्याला तुझी पेंडी पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा वाटते. दुष्काळात ज्याच्या घरामागे गंज उभी होती त्याने जनावरे राखली. ज्याच्याकडे नव्हती त्याने बाजारात कवडीमोलाने विकली किंवा छावणीत नेऊन बांधली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले, त्या उन्हाळ्यात कडब्याच्या पेंडीला सोन्याचे मोल आले होते. असे असूनही कडब्याला हमीभाव नाही, पीकविम्याच्या नुकसानीत त्याची वेगळी गणती नाही, आणि वाणाच्या जाहिरातीत आधी दाण्याचा आकडा येतो. व्यापारी मात्र कडब्याची प्रत ओळखतात. हैदराबादच्या चारा बाजाराचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की ज्या कडब्याची पचनीयता थोडीच जास्त, त्याला भाव बराच जास्त मिळतो. व्यापाऱ्याच्या बोटांना जे कळते ते वाण प्रसारित करणाऱ्या समितीच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात का नसावे?

चारा म्हटला की तुझ्यातल्या विषाचेही बोलले पाहिजे. पावसाने ओढ दिली, कोवळे पोंगे जागीच थिजले, आणि सोडलेले जनावर त्यात शिरले तर त्याला किराळ लागते. काही वेळा तासाभरात जनावर दगावते. तू तुझ्या कोवळ्या पानांत जे द्रव्य साठवतेस त्यातून चावल्यावर सायनाइड तयार होते. किडीपासून वाचायचे ते तुझे शस्त्र आहे, त्याबद्दल तुला दोष देणार नाही. पण चाऱ्याच्या वाणात ते कमी असावे ही मागणी योग्यच आहे, आणि चाऱ्याच्या वाणांची पैदास करणारे त्याकडे लक्षही देतात. ज्याच्या गोठ्यात एकदा किराळ लागली, त्याला हा गुण क्विंटलभर दाण्याहून महत्त्वाचा वाटतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने एक गोष्ट अतिशय शहाणपणाची केली. एकच वाण सगळ्या रानांसाठी, हा हट्ट त्यांनी सोडला. हलक्या, मुरमाड जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा आणि फुले रेवती, असे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले. ज्याच्या एकाच गटात नाल्याकडे भारी काळी आणि वरच्या अंगाला वीतभर माती आहे, त्याला हे किती नेमके आहे ते आमच्याकडे येऊन पाहावे. त्याच विद्यापीठाने हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी आणि पापडांसाठी फुले रोहिणी असे वाण वेगळे काढले. गुळभेंडी आणि सुरती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या एका कोपऱ्यात जपल्या, त्यांना या कामाचे मर्म सांगावे लागणार नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कडब्याच्या खोपीत पूजा मांडून, आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन शिवारात फिरणाऱ्या आमच्या भागात तुझा एकच उपयोग कधी कुणी मानला नव्हता. धाटाची खोप, पिठाची आंबील आणि भाकरी, वर हुरडा, हे सगळे एकाच रानातून येई.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर आणखी पुढची वाट धरली. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापलेल्या या संस्थेत गोड धाटाच्या ज्वारीवर दीर्घकाळ काम झाले. मधुरा हे नाव त्यातूनच पुढे आले. दाणा माणसाला, धाटाच्या रसाची काकवी किंवा इथेनॉल, आणि चिपाड जनावराला, अशी ती कल्पना. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातही गोड ज्वारीचे नाव आहे. अडचण अशी की रस काढायला उशीर झाला की त्यातली साखर नासते, आणि धाट साठवून ठेवता येत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी गाळपाच्या हंगामाआधीचे काही आठवडे या धाटाला दिले, तर ही अडचण बरीच हलकी होईल, असे मला वाटते. वर्षभर पाणी पिणाऱ्या उसाशेजारी चार महिन्यांत रान मोकळे करणारे पीक म्हणून तुला निदान एकदा नीट संधी मिळायला हवी.

२०१८ साली परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून परभणी शक्ती हा वाण दिला. नेहमीच्या ज्वारीत लोह दर किलोला साधारण ३० मिलिग्रॅम असते, यात ते ४५ च्या आसपास. जस्त २० वरून ३२ च्या घरात. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी खाल्ली जाते, तिथे हे औषधाच्या गोळीपेक्षा सोपे आहे. खरिपात तुला परत यायचे असेल तर ती वाट मला अशा वाणांतून दिसते. अंगणवाडीच्या आहारात आणि शाळेच्या खिचडीशेजारी तुझी भाकरी ठेवायला कोणता नियम आडवा येतो, हे सरकारने सांगावे.

आता जे बोलायला अवघड आहे ते बोलतो. आमच्या भागात तुझी पेर घटण्याचे सर्वांत मोठे कारण दुष्काळ नाही, किडी नाहीत. तुझी काढणी आहे. माघ-फाल्गुनाच्या उन्हात धाट मुळासकट उपटायचे, ओळीने पसरायचे, कणसे मोडायची, पेंढ्या बांधायच्या, बुचाडे लावायची. यातले बहुतेक काम बायका करतात. हाताला फोड येतात, पानांच्या कडा मनगट कापतात, अंगाला खाज सुटते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर काढणीची मजुरी तुझ्या दाण्याचा मोठा वाटा खाऊन जाते. सोयाबीन आणि हरभऱ्यात यंत्र शिरते, तुझ्यात शिरले की कडब्याचा भुगा होतो आणि अर्धे पीक तिथेच जाते. त्यामुळे पैदासकारांपुढची माझी पहिली मागणी दुष्काळाची नाही. धाट सरळ, खालून भक्कम, न लोळणारे, सारख्या उंचीचे आणि तरीही पानाळ असे द्या, म्हणजे कापून पेंडी बांधणारे साधे यंत्र त्यात चालेल. ताण म्हणजे केवळ झाडाला बसणारा ताण नव्हे. पीक काढणाऱ्या बाईच्या कमरेला बसणारा ताणही त्यात धरा.

आभाळाचेही गणित बदलले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की रानात पाणी तुंबले, वापसा लांबला, पेरणीचे दिवस हातचे गेले. अवर्षणासाठी घडवलेल्या तुला आता कधी चिखलातून उगवावे लागते, कधी उशिरा पेरून थंडीत निसवावे लागते. कडाक्याच्या थंडीत अनेक संकरांचे दाणेच भरत नाहीत, रब्बीत हायब्रीड रुजले नाही त्याचे हेही एक कारण. कोवळ्या रोपाच्या पोंग्यात शिरणारी खोडमाशी हे दुसरे. तिला अडवणारी चकचकीत पाने आणि पानांखालची बारीक लव तुझ्या दख्खनी वाणांकडे पूर्वीपासून आहे. बाहेरून आणलेल्या वाणांत ती पुन्हा घालावी लागते.

आणि भाव. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीत तुझ्या नावापुढे दोन ओळी असतात, संकरित आणि मालदांडी. इतक्या मोठ्या देशाच्या यादीत एका स्थानिक वाणाला नावानिशी जागा मिळावी, याचा मला अभिमान वाटतो. पण २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९. फरक ५० रुपयांचा होता. काळ्या पडणाऱ्या खरीप दाण्यात आणि पौषाच्या ओलीवर पिकलेल्या मोत्यात एवढेच अंतर आहे, असे चुलीपुढे बसलेली कोणतीही बाई मान्य करणार नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळाले. उमरगा तालुक्यातल्या ज्वारीची चवही कुणीतरी तपासून, नोंदवून ठेवली पाहिजे.

तुझ्याकडे मागणे एवढेच आहे की टिकून राहा. बाकीचे मागणे माणसांकडे आहे. परभणी आणि राहुरीच्या पैदासकारांनो, सोलापूरच्या रब्बी ज्वारी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनो, वाण प्रसारित करताना दाण्याच्या आकड्याशेजारी कडब्याचे वजन, त्याची पचनीयता आणि भाकरीचा निकाल तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. तुमच्या निवडीच्या शेतात काढणीच्या आणि भाकरी थापण्याच्या दिवशी गावच्या बायकांना बोलवा आणि त्यांनी नापास केलेला वाण नापासच धरा.

आणि मुरुम, आलूर, येणेगूर, केसरजवळग्याच्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा मळणीआधी मालदांडीची चांगली कणसे निवडून घरचे बियाणे बाजूला ठेवा. येत्या रब्बीत तिच्या शेजारी चार ओळी फुले सुचित्राच्या, चार परभणी मोतीच्या पेरा. हलके रान असेल तर फुले अनुराधाच्या. काढणीला दाणा तोला आणि कडबाही तोला. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि गावच्या कृषी सहायकाच्या हातात द्या.

तुझा,
मुरुमचा एक कोरडवाहू शेतकरी